आई घेऊन गेली

भूल देणं हा माझा व्यवसाय. चंडीगडला गेल्यावर सेक्टर बावीसमधल्या घरमालकीण बीजींना मी पहिल्याच दिवशी उत्साहाने सांगितलं, "मैं भूल देती हूँ." त्यांनी बराच वेळ विचार केला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "कोई गल्ल नहीं, सब तों हो जांदी ए." तिकडे भूल म्हणजे चूक, आणि चूक काय, कुणाकडूनही होते. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी 'बेहोशीवाली डाक्टरनी' झाले.

संपादकांनी मला विषय दिला आहे तो 'नोकरी आणि तान्हं मूल यांचा तोल कसा साधलात' असा. माझ्यापेक्षा लायक बाई त्यांना सहज मिळाली असती. मी सांगू शकते ते एवढंच की तोल गेला तो नेमका कसा गेला.

आधी धंद्याबद्दल थोडं. ऑपरेशनमध्ये सर्जन कापतो आणि नाव त्याचं होतं. आम्ही रोग्याच्या उशाशी बसतो. आमच्या हातात एक काळी रबरी पिशवी असते. ती दाबायची, सोडायची, म्हणजे रोग्याचा श्वास चालतो. आता सगळं पडद्यावर दिसतं. तेव्हा एक हात पिशवीवर, दुसरा नाडीवर आणि डोळे ओठांच्या रंगावर असा कारभार होता. झोपवणं फारसं कठीण नाही. परत उठवण्याचा पगार मिळतो. या कामाचा एकच कडक नियम आहे: रोगी टेबलावर असेपर्यंत उशाशी बसलेल्याने उठायचं नाही. सर्जन हातमोजे काढून चहाला जाऊ शकतो, आम्ही नाही. हा नियम ज्याने केला त्याला मुलं असतील, पण त्यांना तो सांभाळत नसेल.

ती पंजाबातली वाईट वर्षं होती. आमच्या मोठ्या इस्पितळात गोळ्या लागलेली माणसं लांबून लांबून येत. काही रोगी हातकड्यांसकट येत आणि त्यांच्याबरोबर बंदूकवाला शिपाई. एक शिपाई ऑपरेशन थिएटरमध्ये आत उभा राहायचा हट्टच धरून बसला. मी त्याला हिरवा गाऊन, टोपी आणि पायाला पिशव्या घालायला लावल्या. तो खाकीवर हिरवा चढवून बंदुकीसकट भिंतीशी उभा राहिला आणि पहिला छेद घेतल्याबरोबर आडवा झाला. रोग्याची शुद्ध हरपायला माझी औषधं लागली, त्याची फुकट हरपली.

सातव्या महिन्यात असताना एक ट्रक ड्रायव्हर टेबलावर होता. मी मास्क घेऊन त्याच्यावर वाकले, तर त्याने माझ्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाला, "बीबी, तू घर जा. मैं आपे सौं जावांगा." 'माझा मी झोपेन' म्हणणारा असा रोगी पुन्हा मिळाला नाही. घरी तर नाहीच नाही.

मंदार झाला आणि रजा संपली. सांगलीहून माझी आई यायची होती. तिने पेपर वाचला आणि यायचं रहित केलं. सासूबाईंनी कळवलं, तुम्हीच इकडे या. जावळाचा प्रश्न आला. आमच्याकडे पहिले केस मामाच्या मांडीवर बसवून काढतात. माझ्या भावाने कळवलं, बाळाला घेऊन ये, मांडी इथेच आहे. त्या दिवसांत पंजाबच्या बाजूला यायला कुणी धजत नव्हतं आणि आम्हाला तिकडे जायला रजा नव्हती. त्यामुळे मंदारचे केस वाढत राहिले.

रजेनंतरचे पहिले महिने मी शरीर एकीकडे आणि जीव एकीकडे असे काढले. ऑपरेशन लांबलं की ठरलेल्या वेळी दूध येई. शरीराला ड्यूटी चार्ट दाखवून उपयोग नसतो. हिरव्या गाऊनवर डाग पडत. आमचे विभागप्रमुख सभ्य गृहस्थ. असं झालं की ते छताकडे बघून बोलत. माझ्या बढतीबद्दलही ते छताशीच बोलले आणि छताने होकार दिला नाही. घरी आले की माझ्या अंगाला भुलीच्या औषधाचा गोडसर वास असायचा. मंदार तोंड फिरवायचा. आंघोळ करून येईपर्यंत तो झोपलेला असायचा, माझी कसलीही मदत न घेता.

सुरजीतला बीजींनी आणलं. ती चंडीगडजवळच्या खरड गावची. सकाळच्या बसने यायची, संध्याकाळी जायची. उंच, मोठ्या आवाजाची, दोन मुलींची आई. बाळाला किती वाजता किती द्यायचं हे मी तिला पहिल्या दिवशी सविस्तर समजावलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भुक्ख घड़ी देख के नहीं लगदी, डाक्टरनी जी." मंदारचे केस डोळ्यांत येतात म्हणून ती रोज सकाळी त्यांचा डोक्यावर छोटासा अंबाडा बांधायची. लोकांना तो सरदाराचा मुलगा वाटे. तो गुटगुटीत झाला आणि मी वेळेवर कामाला जाऊ लागले.

आता शब्दाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. मी मंदारला 'आई' म्हणायला शिकवलं होतं. मोठ्या चिकाटीने, स्वतःच्या छातीवर बोट ठेवून. तो बोलायला लागला तेव्हा दिवसा मी नसे. तो पाळण्याच्या कठड्याला धरून उभा राही आणि ओरडे, "आई!" आणि स्वयंपाकघरातून सुरजीत ओरडे, "आई पुत्त, आई!" पंजाबीत बाईमाणूस 'आले, आले' असंच म्हणते. आणि ती धावत येई. मुलाने काय समजायचं? शब्द उच्चारला, एक बाई तोच शब्द उच्चारत हजर झाली. माझा नवरा श्रीकांत युनिव्हर्सिटीत रसायनशास्त्र शिकवायचा. त्याच्या मते प्रयोग निर्दोष होता, दिवसातून वीस वेळा करून बघितलेला, आणि निष्कर्ष एकच निघत होता. सुरजीत झाली आई. मी घरात शिरले की सुरजीत म्हणे, "डाक्टरनी आ गई," म्हणून मी झाले 'डाक्तल'.

मी त्या वेळी हसले. कामावर सगळ्यांना हा किस्सा सांगितला आणि सगळे हसले. ड्यूटी रूममध्ये एकटी असताना मला तो तितकासा विनोदी वाटत नसे, हेही लिहून ठेवते.

गल्लीने मात्र तो शब्द मनापासून उचलला. बीजींचा समज झाला की मराठीत आयाला आई म्हणतात. एका अक्षराचा तर फरक. त्याही सुरजीतला 'आई' म्हणू लागल्या, मग शेजारचे, मग भाजीवाला. "आई, गोभी लैणी ए?" आम्ही कुणाची चूक सुधारली नाही. काय म्हणून सुधारणार होतो?

तो दिवस आला तेव्हा काही वेगळा वाटला नाही. सकाळी नेहमीसारखी मी गेले. अकराच्या सुमाराला जखमी यायला लागले, दुपारी भोंगा लावलेली जीप संचारबंदी जाहीर करत फिरली. हे मला नंतर कळलं. माझ्या टेबलावर पोटात गोळी लागलेला एक दुकानदार होता आणि माझा हात पिशवीवर होता.

चारच्या आसपास सिस्टर मरियम दारातून डोकावली. ती केरळची, हिंदी कामापुरतं. म्हणाली, "डॉक्टर, टेलिफोनवाला बोलता है, आपका काका पोलीस चौकी में बैठा है."

आता पंजाबीत काका म्हणजे लहान मुलगा, बाळ. मला हे पक्कं ठाऊक होतं. सुरजीत दिवसभर मंदारला काका म्हणायची. पण कामात गढलेलं माणूस स्वतःच्या भाषेत ऐकतं. मला काका म्हणजे सांगलीचे आमचे काका दिसले, जे कोपऱ्यावरच्या देवळात जायलाही रिक्षा करायचे. ते चंडीगडच्या पोलीस चौकीत कशाला बसतील? मी म्हटलं, "गलत नंबर है, सिस्टर. मेरे काका बहुत दूर रहते हैं." सिस्टर बरं म्हणून गेली. दुकानदाराचा रक्तदाब घसरत होता. मी पुन्हा त्याच्या ओठांकडे बघायला लागले.

श्रीकांतची बाजू अशी. तो संचारबंदी लागता लागता कसाबसा घरी पोचला. वरच्या मजल्यावर आमच्या घराला कुलूप. त्याने बीजींना विचारलं, मंदार कुठे? बीजी म्हणाल्या, "काके नूं आई लै गई." श्रीकांतने काका बरोबर ऐकलं आणि आई मराठीत ऐकलं. बायको येऊन मुलाला इस्पितळात घेऊन गेली, आता दोघं तिथेच सुरक्षित आहेत, असं समजून तो वर गेला. त्याने खिचडी टाकली. एरवी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरणारा हा माणूस, त्या दिवशी त्याची खिचडी उत्तम झाली होती, असं तो अजून सांगतो.

दुकानदार वाचला. सहाला मी बाहेर आले, तेवढ्यात घरून फोन लागला. घराकडच्या तारा दिवसभर बंद होत्या, त्यामुळे दोघंही घाईत होतो. दोघांनी एकदम विचारलं, "मंदार जेवला का?"



मी म्हटलं, "तो तुझ्याजवळ नाही?" श्रीकांत म्हणाला, "आई घेऊन गेली म्हणाल्या बीजी." मी म्हटलं, "मी इथे आहे." फोनवर त्याचे जिन्यावरून खाली जातानाचे पाय वाजले, मग मागून त्याचा ओरडा, "बीजी, कौन आई?" आणि बीजींचा चकित आवाज, "लै! आई! सुरजीत! होर कौण?"

बीजींनी सांगितलं ते असं. जीप फिरली तेव्हा सुरजीतने इस्पितळात फोन लावून बघितला, लागेना. तिच्या मुली खरडला घरात एकट्या आणि शेवटची बस सुटायला आलेली. बीजी म्हणाल्या, काका माझ्याजवळ ठेव. पण काका तिची ओढणी सोडेना. ती त्याला घेऊन बसमध्ये बसली होती.

त्या वर्षांत त्या बाजूच्या रस्त्यांवर बस थांबवायचे, उतारू उतरवायचे, नावं विचारायचे आणि हिंदू-शिखांच्या वेगवेगळ्या रांगा करायचे. कोण थांबवतंय त्यावर कुठली रांग वाईट हे ठरायचं. माझं मूल डोक्यावर अंबाडा बांधलेलं, नावाने मंदार. ते कुठल्याही रांगेत चुकीचंच ठरलं असतं. मी फोन हातात धरून उभी होते. आणि मग मला सिस्टर मरियमचा निरोप आठवला. काका चौकीत बसला आहे. मी तो दोन तासांपूर्वी परत पाठवला होता.

ॲम्ब्युलन्सला संचारबंदी नसते. चालक यादवजींना मी काय सांगितलं आठवत नाही. त्यांनी न विचारता गाडी काढली. कुठली चौकी ते टेलिफोनवाल्याला विचारून घेतलं होतं; ती खरडच्या रस्त्यावर होती. वाळूची पोती, एक तंबू, दोन खुर्च्या. एका बाकावर सुरजीत बसली होती आणि तिच्या मांडीवर मंदार, बिस्किट खात. सुरजीतचा एक गाल लाल होता. मी बघितलं तेव्हा ती म्हणाली, "धुप्प नाल." उन्हाने. तंबूत ऊन येत नव्हतं.

चौकीचा हवालदार केंद्राच्या राखीव पोलीस दलातला, बीडकडचा निघाला, नाव ढाकणे. कित्येक महिन्यांत त्याच्या कानावर मराठी पडलं नव्हतं. बस तपासताना त्याला सरदारणीच्या कडेवरचं, अंबाडा बांधलेलं एक पोर 'आई' म्हणताना ऐकू आलं. त्याने मराठीत विचारलं, "काय नाव रं तुझं?" पोराने सांगितलं, "मंदाल." मग त्याने सुरजीतला विचारलं, बच्चा कुणाचा? भरल्या बसमध्ये, त्या दिवसांत, हे परक्याचं मूल आहे असं सांगायची तिची छाती झाली नाही. ती म्हणाली, "मेरा है." झालं. मराठी मूल पळवणारी बाई म्हणून तिला खाली उतरवलं. इस्पितळातल्या बेहोशीवाल्या डाक्टरनीचं मूल आहे असं ती मग शंभरदा सांगत बसली, आणि काका चौकीत आहे असा निरोप गेला, आणि डाक्टरनीने कळवलं की गलत नंबर.

मी मराठीत बोलायला लागले तसा ढाकणेचा चेहरा खुलला. पण माणूस कर्तव्याला पक्का. मी हात पुढे केले. मंदारने माझ्याकडे बघितलं, माझ्या अंगाचा वास घेतला आणि सुरजीतच्या खांद्यात तोंड खुपसलं. "आई," तो तिला म्हणाला.

ढाकणेने माझं ओळखपत्र उलटसुलट करून बघितलं. म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. पोरगं हिला आई म्हणतंय. मग तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "मी नोकरीला जाते. ही घरी असते."

त्याने ओळखपत्रावरचा फोटो पुन्हा बघितला. मग म्हणाला, "माझं धाकटं गावाकडं हाय. मागल्या रजेत घरी गेलो तर मला बघून रडत सुटलं. बायकोला म्हणतंय, पोलीस आला." त्याने ओळखपत्र परत दिलं आणि सुरजीतला हिंदीत जायला सांगितलं. माफी मागितली नाही. कुणी मागतही नसे. मंदारसाठी बिस्किटाचा उरलेला पुडा मात्र दिला.

आम्ही सुरजीतला खरडला सोडलं. वाटभर ती मंदारच्या पाठीवर थोपटत होती. मी तिचा हात धरला आणि मराठीत, हिंदीत, जे तोंडाला येईल त्यात माफी मागितली. ती म्हणाली, "तुसीं की कीता ए?" तुम्ही काय केलंत? मी खरंच काही केलं नव्हतं, तेच तर होतं. तिच्या दारात मंदार झोपलेला होता म्हणून तो माझ्याकडे निमूट आला.

संचारबंदी उठली. सुरजीत आली नाही. आठवडाभर वाट बघून मी रजेच्या दिवशी खरडला गेले. तिचा नवरा वीजखात्यात होता, सज्जन माणूस. खाट झटकून बसायला दिली, दुधाचा चहा आणला. म्हणाला, "तुहाडा काका साडा काका ए, डाक्टरनी जी. पर हुण नहीं भेजांगे." तुमचा मुलगा तो आमचाच, पण आता पाठवणार नाही. त्याने चौकीचा उल्लेखही केला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही पाठवलं नसतं. सुरजीत आतल्या खोलीत होती. मी निघताना तिने आतूनच विचारलं, "काका रोटी खांदा ए?"

मी म्हटलं, "खातो." तो खात नव्हता.

पुढे सगळं रीतसर झालं. पाळणाघर सापडलं, श्रीकांतने सकाळच्या तासिका घेतल्या, मामा आला आणि जावळही निघालं. मला बढतीसुद्धा मिळाली. मंदार आता बंगळूरला असतो, माझ्याशी हिंदीत बोलतो आणि मला आई म्हणतो. यातलं त्याला काहीही आठवत नाही. मुलं विसरतात हे मी स्वतः अनेक आयांना सांगितलं आहे आणि ते खरं आहे.

पण संपादकांनी तोल कसा साधला हे विचारलं म्हणून तो आठवडा सांगते. खरडहून परतल्यावर मी बिनपगारी रजा टाकली आणि बाळंतपणाच्या रजेनंतर पहिल्यांदा सलग आठवडाभर घरी राहिले. अंगाला औषधाचा वास नव्हता. मी वरण-भात मऊ कालवून ठेवायची, कामाला लागायची, आणि कान त्याच्या हाकेकडे. तो कठड्याला धरून उभा राहायचा आणि ओरडायचा, "आई!" मी हातातलं टाकून धावत जायची, "आले रे, आले!" म्हणत. तो माझ्याकडे बघायचा. मग मान वाकडी करून माझ्या मागे दाराकडे बघायचा, आणि पुन्हा हाक मारायचा.